पाणी धरणारे दगड

पाण्याशी गाठ पडली म्हणजे बांधणाऱ्यापुढे दोन प्रश्न उभे राहतात. हवे ते पाणी अडवावे कसे हा पहिला, आणि नको ते पाणी बांधकामाला धक्का न लागता पलीकडे जाऊ द्यावे कसे हा दुसरा. पहिल्याचे उत्तर म्हणजे टाके, तलाव, बंधारा. दुसऱ्याचे उत्तर म्हणजे मोरी, पाट, पूल. ही दोन्ही उत्तरे माणसाने फार प्राचीन काळापासून दगडविटांच्या ठोकळ्यांनी दिली आहेत. आणि ठोकळा कोणताही घेतला तरी त्याच्याबरोबर एक अडचण अटळपणे येते. ठोकळ्याशेजारी ठोकळा ठेवला की मध्ये सांधा उत्पन्न होतो, आणि पाणी नेमके तेथूनच वाट शोधते. दुरून अखंड दिसणारी भिंत पाण्याच्या दृष्टीने शेकडो बारीक वाटांचे जाळे असते. म्हणून पाण्यासाठी केलेल्या बांधकामाचा इतिहास हा बऱ्याच अंशी सांध्याचा इतिहास आहे.

मोहेंजोदारोच्या महास्नानकुंडात ही जाणीव साडेचार हजार वर्षांपूर्वी दिसते. तेथील कारागिरांनी नीट घासलेल्या विटा एकमेकींना चिकटून बसवल्या, त्यांच्या फटी जिप्समच्या गिलाव्याने भरल्या, आणि एवढ्यावर न थांबता भिंतीच्या पाठीमागे डांबराचा एक थर दिला. विटेवर त्यांचा विश्वास होता, सांध्यावर नव्हता. पुढच्या प्रत्येक पिढीतील चांगल्या कारागिराची वृत्ती हीच राहिली.

या कलेची जुनी आणि नवी अशी दोन्ही रूपे जवळजवळ पाहावयाची असतील, तर दिल्लीच्या दक्षिणेस असलेल्या फरीदाबाद जिल्ह्याकडे वळावे लागते. आज या नावाबरोबर कारखान्यांच्या धुरांड्यांची आठवण होते. परंतु या प्रदेशाची खरी घडण यंत्रांच्या कितीतरी आधी झाली. त्याच्या पूर्वेस यमुना वाहते, पश्चिमेस अरवलीच्या अखेरच्या बुटक्या टेकड्या पसरल्या आहेत. पाऊस पडतो तो बव्हंशी जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत. तेवढ्या दिवसांत टेकड्यांवरून नाले धो धो वाहतात, यमुनेकडे धाव घेतात आणि उरलेले वर्ष कोरडे पडतात. अशा मुलखात वस्ती करणाऱ्या राजाला गडाच्या तटाइतकीच बंधाऱ्याच्या भिंतीची चिंता वाहावी लागते.

तोमर राजांनी ती वाहिली. दिल्लीच्या परिसरातील या राजपूत कुळाविषयी भाटांच्या कथा पुष्कळ आणि लेखी पुरावा थोडा, अशी स्थिती आहे. कुतुबच्या आवारातील लोहस्तंभावर पाठीमागून कोरलेल्या एका छोट्या लेखात अनंगपालाचे नाव आणि संवत ११०९, म्हणजे इसवी सन १०५२, असे वाचले गेले आहे. त्याच अनंगपालाच्या नावाने फरीदाबादच्या टेकड्यांत अनंगपूर नावाचे गाव आहे. गावाजवळ एका अरुंद घळीच्या तोंडावर सुमारे पन्नास मीटर लांबीचा आणि सात मीटर उंचीचा दगडी बंधारा उभा आहे. परंपरा तो अनंगपालाचा मानते. त्याचे नेमके साल कोणते याचा खल इतिहासकारांनी करावा. बांधणाऱ्याच्या बुद्धीची साक्ष मात्र दगड स्वतःच देतात.

त्या बुद्धीचे मोल कळण्यासाठी थोडा हिशेब करावा लागतो. पाणी जितके खोल तितका त्याचा दाब अधिक; दर मीटर खोलीमागे प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे एक टन. सात मीटर पाणी साठले म्हणजे तळाशी दर चौरस मीटरला सात टनांचा रेटा बसतो, आणि भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर एकूण सुमारे साडेचोवीस टनांचा. हा रेटा भिंतीला ढकलू पाहतो, उलथवू पाहतो, आणि सांध्यांतून आत शिरून दगड उचलूही पाहतो. त्याला तोंड देण्याचा सर्वांत सरळ मार्ग म्हणजे वजन. अनंगपूरचा बंधारा याच तत्त्वावर उभा आहे. तो जागचा हलत नाही, कारण तो जड आहे. आणि जागा अशी निवडली आहे की दोन्ही बाजूंच्या खडकाने त्याचे खांदे धरून ठेवावेत. घळ जेथे सर्वांत अरुंद होते तेथे भिंत घातली की दगड कमी लागतो आणि पाणी अधिक साठते, हे ज्याला कळले तो केवळ गवंडी नव्हता.

दगड तेथलाच, अरवलीचा. हा गारगोटीच्या जातीचा कठीण खडक. त्याच्या अंगात पाणी जवळजवळ मुरत नाही, पण तो घडवणे अवघड. छिन्नीला तो दाद देत नाही. म्हणून या मुलखातल्या जुन्या कामात आपल्याकडच्या काळ्या पाषाणासारखी नाजूक घडण सहसा आढळत नाही. कारागिराने दगडाची उणीव रचनेने भरून काढली. खालच्या थरातील सांध्यावर वरच्या थरातील दगडाचा मध्य यावा, म्हणजे उभी फट तळापासून माथ्यापर्यंत सरळ जात नाही. याला आपले गवंडी सांधेमोड म्हणतात. अधूनमधून एखादा लांब दगड भिंतीच्या पोटात आडवा घुसवायचा, म्हणजे पुढचा दर्शनी थर आणि मागची भर एकमेकांना धरून राहतात. या दोन युक्तींनी सुटे दगड एकमेकांत अडकतात. एकाला हलवू गेल्यास त्याचे चार शेजारी आडवे येतात, आणि त्या चारांना आणखी बारा. ज्याला आज ठोकळ्यांची गुंफण म्हणतात ती प्रथम साधली ती अशी, कोणत्याही साच्यावाचून.

दगडांनी एकमेकांना धरले तरी पाणी अडतेच असे नाही. तेथे चुन्याचे काम सुरू होते. नुसता भिजवलेला चुना हवेतील वायू शोषून हळूहळू कडक होतो. पाण्याखाली हवा पोचत नाही म्हणून तेथे तो मऊच राहतो आणि काळाने धुऊन जातो. या दोषावर सापडलेला उपाय हा मध्ययुगीन स्थापत्याचा एक मोठा विजय होय. भाजलेल्या विटांची वस्त्रगाळ पूड, म्हणजे सुरखी, चुन्यात घालून ते मिश्रण घाणीत मळले की त्यांच्यात निराळीच रासायनिक क्रिया घडते आणि ते पाण्याखालीही दगडासारखे घट्ट होते. रोमन लोकांनी ज्वालामुखीच्या राखेने जे साधले तेच आपल्याकडच्या चुनेवाल्यांनी विटेच्या चुऱ्याने साधले. घाणीभोवती फिरणारा बैल जितके फेरे अधिक घाली तितका चुना उत्तम, हा त्या काळचा साधा नियम. कामात कुचराई कोठे झाली हे पुढे पाणीच दाखवून देई.

अनंगपूरपासून थोड्याच अंतरावर, तुघलकाबादच्या आग्नेयेस, सूरजकुंड आहे. भाटांच्या परंपरेप्रमाणे सूरजपाल नावाच्या तोमर राजाने ते दहाव्या शतकात बांधले. येथे प्रश्नही वेगळा आहे आणि उत्तरही. बंधारा पाण्याला आडवा येतो. कुंड पाण्याला सामावून घेते. सूरजकुंडाची आखणी अर्धवर्तुळाकार असून तिचे नाते उगवत्या सूर्याच्या आकृतीशी जोडले जाते. पश्चिमेच्या बाजूस सूर्याचे मंदिर असावे असे तेथील अवशेषांवरून मानतात. दगडी पायऱ्यांच्या रांगा एकीखाली एक उतरत तळापर्यंत जातात, आणि गुरांना पाण्यापर्यंत पोचता यावे म्हणून त्यांत उतारही सोडला आहे.

या पायऱ्या केवळ स्नानासाठी केलेल्या नाहीत. पावसाळ्यात कुंडाभोवतालची माती पाणी पिऊन फुगते आणि कुंड रिकामे असेल तर आत ढासळू पाहते. उभी भिंत बांधली असती तर तो सगळा भार एकाच ठिकाणी आला असता. पायरी मागे सरकत वर चढते, त्यामुळे प्रत्येक थराचे वजन खालच्या थराच्या पाठीवर पडते आणि मातीचा रेटा टप्प्याटप्प्याने झेलला जातो. आपल्याकडील बारवा पाहिलेल्या माणसाला ही रचना ओळखीची वाटेल. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने या पायऱ्यांची आणि सज्जांची चुन्यात डागडुजी करविली. दुसऱ्या धर्माच्या, दुसऱ्या कुळाच्या राजाने सुमारे चारशे वर्षांनी एका जुन्या कुंडाचे सांधे भरून घ्यावेत, ही गोष्ट कोणत्याही विजयाच्या शिलालेखापेक्षा कमी मोलाची नाही.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. अडवलेले पाणी सोडायचे कसे? मुहम्मद बिन तुघलकाच्या काळात खिडकी गावाजवळ बांधलेला सातपुला याचे उत्तम उत्तर देतो. त्याला सात मोठ्या कमानी आहेत आणि दोन्ही टोकांस आणखी लहान कमानी आहेत. कमानींच्या बाजूंना उभ्या खाचा कोरल्या असून त्यांतून दारे वरखाली सरकवीत. दार खाली केले की तो बंधारा होई, वर केले की पूल. धरणे आणि सोडणे ही दोन्ही कामे एकाच बांधकामाने केली.

कमान ही ठोकळ्यांच्या गुंफणीची सर्वांत सुंदर परी होय. तिचे दगड पाचरीसारखे असतात. वर रुंद, खाली निमुळते. प्रत्येक दगड खाली पडू पाहतो आणि त्या प्रयत्नातच शेजाऱ्याला घट्ट दाबतो. माथ्यावरचा शेवटचा दगड बसेपर्यंत सारा भार लाकडी साच्यावर असतो. तो बसला की साचा काढून घेता येतो. वर भार येईल तसे सांधे अधिक आवळले जातात. नाल्यावरून लष्कर, तोफा आणि बैलगाड्या नेणाऱ्या रस्त्यासाठी याहून चांगली युक्ती त्या काळी नव्हती. फरीदाबादचा जन्म अशाच एका रस्त्यामुळे झाला. १६०७ साली जहांगीर बादशहाचा खजिनदार शेख फरीद याने दिल्ली-आग्रा राजमार्गाच्या संरक्षणासाठी हे गाव वसवले आणि तेथे एक किल्ला, एक मशीद आणि एक तलाव बांधला असे सांगतात. गावाच्या पहिल्या तीन वास्तूंत तलावाची गणना व्हावी हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. संरक्षण, उपासना आणि पाणी एवढे सिद्ध झाले की गाव उभे राहिले.

याच सुमारास दक्षिणेत ही कला कोठवर पोचली होती, हे पाहिल्यावाचून चित्र पुरे होणार नाही. महाराष्ट्रात काळ्या पाषाणाने कारागिराला वेगळी सवलत दिली होती. तो दगड कठीण खरा, पण छिन्नीखाली धार धरतो. यादवांच्या काळापासून हेमाडपंती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कामात चुन्यावाचून, केवळ खाचा आणि खुंट्या जुळवून प्रचंड शिळा एकमेकींत बसवल्या गेल्या. त्या कौशल्याला पुढे चुन्याची जोड मिळाली. नळदुर्गाच्या किल्ल्यात बोरी नदीवर दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत, १६१३ साली, बांधलेला बंधारा हे त्याचे शिखर म्हणावे लागेल. त्या बंधाऱ्याच्या पोटातच पाणीमहाल आहे. पावसाळ्यात नदी बंधाऱ्याच्या माथ्यावरून कोसळते, नर आणि मादी असे दोन धबधबे दणाणतात, आणि त्याच वेळी भिंतीच्या आतल्या कोरड्या दालनात उभे राहून माणूस सज्जातून समोरचे पाणी पाहू शकतो. बांधकाम जलरोधक आहे हे सिद्ध करण्यासाठी त्याच्या पोटातच बैठक मांडणारा स्थपती आपल्या सांध्यांविषयी किती निःशंक असला पाहिजे!

पाणी धरण्याबरोबर ते दूर नेण्याची विद्याही महाराष्ट्रात तितकीच पुढे गेली. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास कात्रजला तलाव बांधून तेथून पुण्याच्या हौदांपर्यंत जमिनीखालून दगडी नळ आणला. माणूस आत उतरून साफ करू शकेल एवढा तो प्रशस्त ठेवला आणि वाटेत जागोजाग उच्छ्वास उभारले. या उच्छ्वासांत स्थपतीची दूरदृष्टी दिसते. सांधा आज घट्ट असला तरी पन्नास वर्षांनी तो सुटेल, गाळ साचेल, झाडाचे मूळ आत शिरेल. म्हणून दुरुस्त करणाऱ्याला आत जाण्याची वाट आजच ठेवली पाहिजे, असे त्याने मानले होते.

विसाव्या शतकात ठोकळा बदलला. सिमेंट आणि वाळूखडी साच्यात ओतून हवा तो आकार मिळू लागला. जे काम छिन्नीने महिन्यांत होई ते साच्याने एका दिवसात होऊ लागले. ऑस्ट्रेलियातील वॉल्टर ह्यूम याने १९१० साली काँक्रीटचा नळ गरगर फिरवून घट्ट करण्याची पद्धत काढली. ती या देशात रुजवण्याचा मान वालचंद हिराचंद या सोलापूरच्या उद्योगपतीकडे जातो. त्यांनी १९२६ मध्ये इंडियन ह्यूम पाईप कंपनी स्थापन केली. पुढे खेड्यापाड्यांतल्या रस्त्यांखाली हेच नळ मोरी म्हणून जाऊन बसले आणि कंपनीचे नाव वस्तूचे नाव होऊन गेले. त्यानंतर आले खाच आणि जीभ असलेले काँक्रीटचे ठोकळे. एकाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसते, मधल्या पोकळ्यांतून लोखंडी सळया सोडून वरून काँक्रीट ओततात, आणि कुशल गवंडी नसतानाही भिंत ओळंब्यात उभी राहते. तरीही टाक्यासाठी तेवढ्याने भागत नाही. आतून जलरोधक गिलावा द्यावा लागतो. नळांच्या आणि मोरीच्या तुकड्यांच्या सांध्यांत रबरी कडी घालावी लागते. मोहेंजोदारोच्या कारागिराने ज्यासाठी डांबर वापरले त्याचसाठी ही कडी आहे.

फरीदाबादलाही या नव्या युगाने दुसरा जन्म दिला. फाळणीनंतर वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या हजारो निर्वासितांसाठी १९४९ मध्ये येथे नवी वसाहत उभारण्याचे ठरले. फरीदाबाद विकास मंडळाचे अध्यक्षपद डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्याकडे होते, आणि कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या सहकारी चळवळीने तेथे काम केले. ज्यांनी पूर्वी दुकानदारी केली होती त्या माणसांनी येथे विटा पाडल्या, पाया खोदला आणि आपली घरे स्वतःच्या हातांनी बांधली. पुढे कारखाने आले, वस्ती वाढली आणि १९७९ मध्ये फरीदाबाद स्वतंत्र जिल्हा झाला. हजार वर्षांपूर्वी तोमरांपुढे जो पाण्याचा प्रश्न होता तो या औद्योगिक शहरापुढेही आला. फरक एवढाच की आता उत्तर जमिनीवर साठवण्याऐवजी जमिनीखालून उपसण्यात शोधले जाऊ लागले.

येथे या कथेला एक विलक्षण वळण लागते. सूरजकुंडाच्या दक्षिणेस सिद्धकुंड नावाचे एक लहानसे पवित्र कुंड आहे. खडकाच्या भेगांतून झिरपणारे गोड पाणी त्यात येत असे. अरवलीचा हा खडक अंगाने अभेद्य, पण भेगांनी भरलेला. पावसाचे पाणी भेगांतून आत उतरे, डोंगराच्या पोटात साठे आणि पायथ्याशी झिरपून वर येई. म्हणजे येथला खरा हौद डोंगरच होता. माणसाने बांधलेली कुंडे ही त्या हौदाची तोंडे होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याच डोंगरात खडी आणि वाळूसाठी खाणी खोल खोल गेल्या. भूजलाची पातळी ओलांडून त्या खाली उतरल्या. खालच्या मैदानात कूपनलिका वाढल्या, आणि नाल्यांच्या वाटांवर बांधकामे आली. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सूरजकुंड आणि बडखल यांच्या सभोवारच्या दोन किलोमीटर पट्ट्यात खाणकामाला बंदी केली, २००२ मध्ये हरियाणाच्या सीमेलगतच्या टेकड्यांत ती विस्तारली, आणि २००९ मध्ये फरीदाबाद, गुडगाव व मेवात या जिल्ह्यांतील अरवलीतले खाणकाम स्थगित केले. परंतु डोंगराची मोडलेली घडी न्यायालयाच्या आज्ञेने लगेच बसत नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास बांध घालून सिद्ध केलेले बडखलचे सरोवर, जेथे एके काळी नावा चालत, एकविसाव्या शतकाच्या आरंभी आटून गेले. त्यात शुद्ध केलेले सांडपाणी सोडून ते पुन्हा भरण्याचे प्रयत्न पुढे सुरू झाले. सूरजकुंडाच्या नावाने १९८७ पासून दर वर्षी हस्तकलांचा मोठा मेळा भरू लागला आणि देशोदेशींचे कारागीर तेथे येऊ लागले. पण ज्या कारागिरांनी ते कुंड बांधले त्यांच्या पायऱ्या मात्र कोरड्या तळाकडे उतरत राहिल्या.

या शोकांतिकेत कोठेही भिंत फुटलेली नाही. अनंगपूरचा बंधारा आपल्या जागी उभा आहे. त्याच्या दगडांनी एकमेकांना सोडलेले नाही. सूरजकुंडाच्या पायऱ्या खचून पाणी निघून गेले असेही झालेले नाही. गळती झाली ती नकाशावर टाक्याच्या रेषेबाहेर दाखवलेल्या भागात. बांधकामाची मोजमापे घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या वहीत टाक्याची लांबी, रुंदी, खोली यांना रकाने असतात. ज्या डोंगरावरून पाणी यायचे त्याला रकाना नसतो. कुंड एका खात्याचे, टेकडी दुसऱ्याचे, खाणीचा ठेका तिसऱ्याचा आणि कूपनलिका ज्याच्या त्याच्या मालकीची, अशी वाटणी झाली की प्रत्येक खात्याचा ठोकळा आपल्या जागी मजबूत असतो आणि पाणी मात्र खात्याखात्यांमधल्या सांध्यांतून निघून जाते.

जुन्या राजवटी आदर्श होत्या असे मानण्याचे कारण नाही. त्यांच्या काळीही दुष्काळ पडले, तलाव गाळाने भरले, कुंडे विस्मृतीत गेली. परंतु बंधारा घालणाऱ्याला घळ, खडक, नाला आणि पाऊस यांचा विचार एकाच वेळी करावा लागे, कारण चूक झाली तर पाणी दुसरीकडून आणण्याची सोय नव्हती. फिरोजशहाने केलेली डागडुजी आणि कात्रजच्या नळावरचे उच्छ्वास याच जाणिवेतून आलेले आहेत. आजच्या अभियंत्याला त्यांच्यापेक्षा उत्तम ठोकळा मिळाला आहे, उत्तम चुना मिळाला आहे, रबरी कडीही मिळाली आहे. त्यांच्याकडून घ्यायचे राहिले आहे ते पाणलोटासकट टाके मोजणे. ते मोजमाप वहीत चढेल त्या पावसाळ्यापासून अनंगपूरच्या जुन्या दगडांना पुन्हा काही काम मिळण्याची आशा धरता येईल. ते तर अजून तयारच उभे आहेत.